संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग : बर्थ एल ९, भाडं २,६०० रुपये

रेटिंग आधीच सांगून टाकतो. एक स्टार. तोही ब्लँकेट धुतलेलं होतं म्हणून.

कंपनीचं नाव लिहीत नाहीये. थोडी भीती आहे हे खरंय, पण मुख्य कारण वेगळं आहे, नाव लिहिलं की वाचणारा म्हणणार अच्छा ती होय, मग आपण दुसऱ्या ट्रॅव्हल्सने जाऊ, आणि दुसरीत पण सेम टू सेम. गेल्या सहा वर्षांत पुणे ते कारंजा लाड मी पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांनी गेलोय. संगमवाडीच्या पार्किंगला रात्री ज्या गाड्या उभ्या असतात ना, त्या सगळ्या एकाच आईच्या लेकी, साड्या फक्त वेगळ्या.

तर १७ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार, वसुबारस. पुणे–यवतमाळ एसी स्लीपर, सुटायची वेळ साडेनऊ. तिकीट २,६०० रुपये, एरवी हेच ९५० ते ११०० ला मिळतं. सरकारने २०१८ मध्येच ठरवून दिलंय की खासगी बसने एसटीच्या दीडपटीच्या वर भाडं घ्यायचं नाही, पण दिवाळीत तो नियम बहुतेक स्वतःच गावाला जातो. असो, पैशांचं रडगाणं गायला बसलेलो नाही, कारण खरं सांगायचं तर तीन हजार मागितले असते तरी दिले असते, आई दिवसातून तीनदा फोन करून "कवा येतं बापा" विचारत होती.

अ‍ॅपवर गाडीला ४.३ रेटिंग. चार्जिंग पॉइंट, पाण्याची बाटली, वायफाय, "दोन अनुभवी चालक". यातली पाण्याची बाटली मिळाली.

गाडी सुटली दहा वीसला, कारण डिक्की भरणं चालू होतं. मी बाहेरच उभा होतो म्हणून सगळं बघितलं. औषधांचे खोके, कुरिअरची पोती, दोन टायर, एक मिक्सरचा नवाकोरा बॉक्स, आणि शेवटी एक मोटरसायकल. ती आडवी करून आत सरकवताना टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकलं, चांगलं हाताएवढं ओलं झालं खाली. मी क्लिनरला म्हटलं अरे पेट्रोल काढलं नाही का यातलं. तो म्हणे "थोडंसंच हाय भाऊ." पोरगं एकोणीस-वीसचं असेल, स्वभावाने चांगलं, त्याच्यावर माझा काही राग नाही, त्याने झाकणावर एक फडकं गुंडाळलं आणि डिक्की लावली. वर टपावर पण सामान चढवून ताडपत्री बांधलेली. तेव्हा लक्षात नाही आलं, आत जाऊन आडवा झालो तेव्हा कळलं की छताला जी काचेची झडप असते, गाडी उलटली तर जिच्यातून निघायचं असतं, ती आतून काळीकुट्ट दिसतेय कारण तिच्या डोक्यावर कोणाचीतरी गादी आणि दोन पोती आहेत.

माझी बर्थ एल ९. खालची, उजवीकडची, मागच्या बाजूला. पडदा स्वच्छ, ब्लँकेटला साबणाचा वास, एसी मस्त. खोटं कशाला बोलू, पहिला एक तास छान वाटलं.

मग शिरूरच्या पुढे एका हॉटेलवर गाडी थांबली, चहा घेतला (वीस रुपये, गरम पाणी), आणि सिगारेटवाल्यांपासून लांब म्हणून गाडीच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. तिथे बसच्या अंगावर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, इमर्जन्सी एक्झिट. त्याच्यामागे एक पांढरा पडदा, आणि पडद्याला लागून काचेवर एक निळी पिशवी टेकलेली. ती पिशवी माझी होती. म्हणजे चितळ्यांची भाकरवडी आणि आईसाठी घेतलेली चप्पल बसच्या इमर्जन्सी एक्झिटमध्ये ठेवलेली होती आणि मी तिथेच पाय पसरून झोपायच्या तयारीत.

आत येऊन हाताने चाचपलं. दरवाजाचं हँडल जिथे असायला पाहिजे तिथे प्लायवूड, त्यावर मरून रेक्झिन, आणि चार कोपऱ्यांना चार स्क्रू. प्लाय का, तर पडल्या पडल्या पाठीला हँडल टोचू नये म्हणून असणार. कस्टमर कम्फर्ट. रेक्झिनला कुठे सुरकुतीसुद्धा नाही, कारागिराने मन लावून काम केलंय.

काच फोडायची हातोडी बघायला गेलो. लाल क्लिप होती, स्टिकर होता "काच फोडा", हातोडी नव्हती. क्लिनरला विचारलं तर म्हणे लोक चोरून नेतात म्हणून आम्ही टूलबॉक्समध्ये ठेवतो. टूलबॉक्स कुठे? डिक्कीत. म्हणजे मोटरसायकलच्या मागे. आग विझवायचा सिलेंडर ड्रायव्हरच्या सीटमागे होता, त्याच्यावर तीन बॅगा आणि एक पेरूचं कॅरेट, काटा लाल पट्ट्यात, रिफिलची तारीख मार्च २०२३. गाडीची नंबरप्लेट नागालँडची, ती गाडी नागालँडने आयुष्यात कधी बघितली नसणार, पण टॅक्स वाचतो म्हणे.

लहानपणी एसटीत बसलं की मागच्या बाजूला एक पाटी असायची, "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग". आम्ही पोरं जोडाक्षरं वाचायला त्या पाटीवर शिकलो म्हटलं तरी चालेल. सीट फाटलेली, खिडक्या खडखड वाजायच्या, पाऊस आत यायचा, पण ती पाटी आणि ते हँडल जागेवर. आता इथे सगळं गुळगुळीत, मऊ, थंड, आणि तो मार्ग मला २,६०० रुपयांना विकलेला. एरवी रिकामा ठेवावा लागणारा चौकोन, त्याला नंबर दिला, एल ९, अ‍ॅपवर टाकला, आणि मी यूपीआयने पैसे भरले.

आता कोणी म्हणेल तू फार विचार करतो. बाबा, आमच्या भागातल्या माणसाला विचार करावाच लागत नाही, आठवतंच. १ जुलै २०२३, मध्यरात्री दीडच्या आसपास, समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली. ३३ माणसं होती, २५ गेली. गाडी डाव्या अंगावर पडली म्हणजे दरवाजा जमिनीखाली, डिझेल पेटलं, जे थोडे वाचले ते काच फोडून निघाले. आमच्याकडची सगळी पोरंपोरी नोकरीला पुण्यात, सगळ्यांची हीच गाडी, त्या सकाळी आईने मला सात वेळा फोन केला होता आणि मी तर पुण्यात माझ्या खोलीवर झोपलेलो होतो. त्याच्या आधी ८ ऑक्टोबर २०२२ ला नाशिकमध्ये यवतमाळहून मुंबईला जाणारी बस पेटली, १२ जण. आणि मी या एल ९ वर पडलो होतो त्याच्या तीनच दिवस आधी, १४ ऑक्टोबरला, जैसलमेरहून जोधपूरला निघालेली बस जळाली, वीसच्या वर माणसं गेली. हे सगळं डोक्यात असताना पाठीमागचे चार स्क्रू मोजत झोपून दाखवा.

झोप नव्हतीच, म्हणून मोबाईलवर हिशोब केला. एक बर्थ, ११०० धरा, सणासुदीचे जास्तीचे सोडून द्या. वर्षात ३०० रात्री गाडी पळाली तर ३ लाख ३० हजार. एवढे त्या एका चौकोनाचे. मालकाने नियमाने वागायचं ठरवलं तर वर्षाला सव्वातीन लाख सोडायचे, हातोड्या आणि सिलेंडरचा खर्च वेगळा, तो म्हणजे चिल्लर.

आता दुसरी बाजू. माझी किंमत. हे पण काढता येतं, हसू नका, कोर्टाने फॉर्म्युला दिलाय. सरला वर्मा केस, सुप्रीम कोर्ट, २००९. वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, मेलेला माणूस स्वतःवर जेवढा खर्च करत होता तेवढं वजा करायचं (बिनलग्नाचा असेल तर सरळ अर्धं), आणि वयाप्रमाणे मल्टिप्लायरने गुणायचं. १५ ते २५ वयाला १८, मग कमी कमी होत जातो, ६५ च्या वर ५. पुढे २०१७ च्या प्रणय सेठी केसने त्यात भविष्यातल्या पगारवाढीचे टक्के घातले, चाळिशीच्या आतल्या माणसाला परमनंट नोकरी नसेल तर ४० टक्के, आणि अंत्यसंस्काराचे १५ हजार फिक्स केले. मी २८ वर्षांचा, कॉन्ट्रॅक्टवर, महिना ४० हजार, लग्न नाही. वर्षाचे ४ लाख ८० हजार, त्यात ४० टक्के वाढवून ६ लाख ७२, त्याचे अर्धे ३ लाख ३६, गुणिले १७. सत्तावन्न लाख बारा हजार. पहाटे तीन वाजता, संभाजीनगरच्या अलीकडे, मला माझा आकडा कळला.

समोरच्या बर्थवर एक पोरगा होता, रांजणगावच्या कंपनीत हेल्पर, १२ हजारावर, वय माझ्याच आसपास. त्याचा काढला, सतरा लाख चौदा हजार भरले. गाडी तीच, खिडकी पण तशीच. मला तेव्हा कसंतरीच झालं, त्याच्याकडून मी मघाशी चार्जर घेतला होता. कोर्टाला दोष देत नाहीये, मागे राहिलेल्यांना काहीतरी मिळायला पाहिजे आणि त्याला काहीतरी माप पाहिजेच.

पण खरी गोम पुढे आहे. हे सत्तावन्न लाख मालक देत नाही. इन्शुरन्स कंपनी देते, तेही वर्षानुवर्षं तारखा झाल्यावर. वरून सरकार मदत जाहीर करतं, समृद्धीच्या वेळी राज्याने ५ लाख आणि पंतप्रधान निधीतून २ लाख दिले, ते तर तुमच्या आमच्या करातून आणि देणग्यांतून. मालकाच्या वहीत माझ्या जिवाच्या नावाने जो खर्च पडतो तो म्हणजे वर्षाचा प्रीमियम, आणि तो प्लाय लावला तरी तेवढाच, नाही लावला तरी तेवढाच. एल ९ ची कमाई मात्र दर रात्री रोख. मग तो स्क्रू का काढेल सांगा ना. त्याला वाईट माणूस असायची पण गरज नाही, दुकानात गणपतीचा फोटो असेल, वर्गणी देत असेल, त्याला फक्त बेरीज येत असली की पुरे.

माझा रूममेट एमबीए केलेला आहे, त्यांना बिझनेस एथिक्सच्या तासाला फोर्ड पिंटो शिकवतात. अमेरिकेतली सत्तरच्या दशकातली गाडी, मागून धडक बसली की टाकी फुटून पेटायची. १९७३ चा फोर्डचा एक कागद आहे, त्यात १८० मृत्यू गुणिले माणशी २ लाख डॉलर, अधिक जखमी, अधिक जळालेल्या गाड्या, असं करून ४ कोटी ९५ लाख डॉलर, आणि दुरुस्तीचा खर्च गाडीमागे ११ डॉलर धरून १३ कोटी ७० लाख, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही. रूममेट नेहमी सांगतो की तो कागद नुसत्या पिंटोचा नव्हताच, गाडी उलटल्यावर लागणाऱ्या आगीबद्दल होता, सरकारी खात्याला पाठवलेला होता, आणि २ लाखाचा आकडा पण सरकारी खात्याचाच होता, लोक उगाच मीठमसाला लावतात. बरोबर असेल. पण मला त्या रात्री वाटलं की त्यांनी निदान कागदावर लिहिलं तरी, पन्नास वर्षांनी पोरं वाचून शिव्या देऊ शकतात. इथे कोणी काही लिहिलंच नाही. भोसरी-चाकणकडे कुठल्यातरी शेडमध्ये एकाने विचारलं असेल "हँडल टोचतंय, काय करू", दुसरा म्हणाला असेल "प्लाय मार". झाला निर्णय.

ड्रायव्हरबद्दल लिहितो. "दोन अनुभवी चालक" मधला एकच होता. साडेतीनला गाडी पंपावर थांबली तेव्हा मी उतरून बोललो. म्हटलं मामा, दुसरे कुठेत? म्हणे "त्याची पोरगी आजारी हाय, तो नाई आला." कालपासूनचं विचारलं तर कळलं, सकाळी यवतमाळहून गाडी घेऊन तेच आले, दुपारी पार्किंगमध्ये एसी बंद गाडीत चार तास आडवे झाले, आणि रात्री परत तेच. तेव्हाच्या कायद्याने बस ड्रायव्हरला दिवसाला ८ तास, लांबच्या पल्ल्याला फार तर १०, मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स अ‍ॅक्ट १९६१ चा होता. मामांना कायदा माहीत नव्हता, खेपेचा रेट माहीत होता. "ट्रिप चुकली का पैसे कटते ना भाऊ." तंबाखू चोळत चोळत बोलत होते, डोळे लाल, आणि पुढे समृद्धी, सरळ, रिकामी, दोन्हीकडे काळोख, वळण नाही, दिवा नाही, चांगला झोपलेला माणूस पण तिथे पेंगतो. मी म्हटलं मी पुढे येऊन बसतो, गप्पा मारू. "या की, बरं होईल." मग कारंज्यापर्यंत केबिनमध्ये बसून मी त्यांना त्यांच्या पोरांबद्दल विचारत राहिलो. सिंदखेडराजा आलं तेव्हा दोघं पण गप्प झालो, त्यांनी एक हात स्टिअरिंगवरून उचलून कपाळाला लावला. म्हणजे २,६०० भरून बर्थ घेतली आणि रात्री ड्युटी केली, दुसरा अनुभवी चालक मीच.

सव्वासहाला कारंजा. पाऊण तास लेट, त्याबद्दल तक्रार नाही.

घरी जाऊन अ‍ॅपवर रेटिंग द्यायला गेलो. विचारतंय काय, तर वेळेवर होती का, स्वच्छता कशी, स्टाफचं वागणं कसं, एसी चालला का. दरवाजा उघडतो का हा ऑप्शनच नाही. आणि जुने रिव्ह्यू चाळताना मला माझाच सापडला, दोन वर्षांपूर्वीचा, याच कंपनीला, पाच स्टार, "चाळीस मिनिटं लवकर पोचलो, ड्रायव्हर एक नंबर!!" अंगठ्याच्या दोन इमोजीसकट. चाळीस मिनिटं लवकर कसे पोचतात ते आता कळतंय, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. ४.३ मध्ये माझा पण वाटा आहे. काढायला गेलो तर जुना रिव्ह्यू डिलीट होत नाही.

कस्टमर केअरला फोन केला. मुलगी गोड बोलत होती, "सर आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत", म्हटलं ताई गैरसोय नाही झाली, सोय खूप होती, तीच अडचण आहे. तिने कम्प्लेंट नंबर दिला आणि पुढच्या प्रवासासाठी १५० रुपयांचं कूपन. हातोडी यायची बहुतेक तेवढ्यात.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला, कर्नूलची बातमी. हैदराबादहून बंगळूरला जाणारी स्लीपर, रस्त्यात पडलेल्या मोटरसायकलवरून गेली, ती खाली अडकून घासत गेली, पेट्रोल, ठिणग्या, १९ प्रवासी झोपेतच गेले. डिक्कीत मोबाईल फोनचं मोठं पार्सल होतं असंही बातम्यांत आलं. मला ते फडकं आठवलं, झाकणाला गुंडाळलेलं.

परत येताना एसटीने आलो. सीटवर ताठ बसून, गुडघे पुढच्या सीटला, दोन गाड्या बदलून, पंधरा तास. सिलेंडर होता की नाही ते गर्दीत दिसलं नाही, म्हणजे एसटी म्हणजे स्वर्ग असं काही सांगत नाहीये, तिचे पण अपघात होतात. पण तिकिटात एक रुपया अपघात सहायता निधीचा कापतात तो छापलेला असतो, आणि मागचं हँडल मी उभा राहून हलवून बघितलं, हललं. कंडक्टर ओरडला, "ओ, काय करताय?" म्हटलं बघतोय. तो म्हणे "खेळणं हाय का ते". बरं वाटलं त्याचं ओरडणं.

ज्यांना ट्रॅव्हल्सनेच जायचंय, आणि मला माहितीये बहुतेकांना दुसरा मार्ग नाही, त्यांनी चढायच्या आधी गाडीला एक चक्कर मारा, लाल अक्षरं कुठल्या खिडकीवर आहेत ते बघा, मग आत जाऊन तिथे काय आहे ते बघा. डिक्कीत मोटरसायकल घालत असतील तर पेट्रोल काढल्याशिवाय बसू नका, चारजणांनी मिळून बोललं तर काढतात, एकट्याचं ऐकत नाहीत. जमलं तर फोटो काढून आरटीओकडे पाठवा, मी पाठवलेत, पोच आलीये, बाकी काही आलं नाही.

अपडेट, ५ नोव्हेंबर : कंपनीच्या ऑफिसमधून फोन आला होता. मॅनेजर म्हणाले साहेब तुमची तक्रार आम्ही सिरियसली घेतलीये, एल ९ चा प्रॉब्लेम सॉल्व्ह केला, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतो, तेवढं रेटिंग जरा बघा. फोटो आला. बर्थ तीच, पडदा बाजूला घेतलेला, आणि मरून रेक्झिनच्या बरोबर मधोमध नवा चकचकीत हिरवा स्टिकर, पळणारा माणूस आणि खाली "इमर्जन्सी एक्झिट". झूम करून बघितलं. चारही स्क्रू जागेवर आहेत.